तीन वर्षं कोर्टात काढा, कागदावर नको

घरात कोणी एलएलबी करत असेल आणि त्याला किंवा तिला जज्ज व्हायचं असेल, तर हा मजकूर तुमच्यासाठी आहे. तसं कोणी नसलं तरी वाचा. वेळ आलीच तर आपल्याला पहिला भेटणारा न्यायाधीश तालुक्याच्या कोर्टातला असतो. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारी माणसं थोडी. बहुतेकांचा न्याय किंवा अन्याय खालच्या कोर्टातच संपतो. तिथे कोण बसतं आणि ते कसं निवडलं जातं, हा तुमच्या-माझ्या घरचा प्रश्न आहे.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, त्या खंडपीठाचे प्रमुख होते. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पहिल्या पायरीच्या पदासाठी परीक्षेला बसायचं असेल, तर किमान तीन वर्षांची वकिली हवी, असं न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं. ज्या भरत्यांच्या जाहिराती त्याआधी निघाल्या होत्या, तेवढ्या वगळल्या. पुढच्या सगळ्यांना ही अट आली.

आपल्याकडे २००८ च्या महाराष्ट्र न्यायिक सेवा नियमांत वकिली केलेल्यांसाठी एक वाट होती, वय ३५ पर्यंत. ताज्या पदवीधरांसाठी दुसरी होती, वय २५ पर्यंत आणि वर गुणांची अट. हुशार मुलं ही दुसरी वाट धरत. कोर्सच्या शेवटच्या वर्षापासूनच क्लास, मग एमपीएससीची पूर्व, मुख्य, मुलाखत, आणि चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी घरात जज्जसाहेब. राजस्थानात तर २०१९ साली २१ वर्षांचा मुलगा ही परीक्षा पास झाला आणि देशभर त्याचे फोटो झळकले. ती वाट आता बंद झाली. त्यामुळे घरोघरी जे ऐकू येतं ते असं: "तीन वर्षं वाया गेली." आणि त्याच्या पाठोपाठ: "सनद काढून ठेवू, मुलगा पुण्यात अभ्यासिकेत बसेल, तीन वर्षांनी कुणा ओळखीच्या वकिलाकडून दाखला घेऊ."

माझं आवाहन या दुसऱ्या वाक्याविरुद्ध आहे. ही तीन वर्षं कोर्टात काढा. खरोखर काढा.

का, ते सांगायचं तर आधी हा न्यायाधीश पहिल्या दिवसापासून काय करतो ते पाहावं लागेल. हाच माणूस दिवाणी न्यायाधीश असतो आणि हाच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही. सकाळी अकराला कोर्ट बसतं. दुपारनंतर पोलीस आरोपीला घेऊन येतात. अटकेपासून २४ तासांच्या आत त्याला हजर करायचं असतं, त्यामुळे बरेचदा घाईतच आणलेलं असतं. रिमांड रिपोर्ट पुढे येतो, तपास अधिकारी सात दिवसांची पोलीस कोठडी मागतो, सरकारी वकील दोन वाक्यं बोलतात. आरोपीकडे वकील असतो किंवा नसतो. मागच्या बाकावर त्याची बायको किंवा आई बसलेली असते. न्यायाधीश विचारतो, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आरोपी शेजारच्या हवालदाराकडे बघतो आणि म्हणतो, "नाही साहेब."

हे "नाही" रोजनाम्यात उतरतं. पण ज्याने वकील म्हणून त्या माणसाशी व्हरांड्यात दोन मिनिटं बोलून घेतलंय, त्याला ठाऊक असतं की या "नाही"चे पाच-सहा प्रकार आहेत. एखाद्याला खरंच तक्रार नसते. एखाद्याला आज रात्री पुन्हा त्याच कोठडीत जायचं असतं. हा फरक ओळखणारा न्यायाधीश हवालदाराला दोन पावलं मागे सरकायला सांगतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही. पीसीआर (पोलीस कोठडी) द्यायचा की एमसीआर (न्यायालयीन कोठडी), द्यायचा तर किती दिवसांचा, यावर एका माणसाची हाडं शाबूत राहणार की नाही हे ठरतं. हा निर्णय पंचवीस वर्षांच्या मुलाने द्यायला माझी हरकत नाही. त्याआधी ते दृश्य त्याने दुसऱ्या बाजूने पाहिलेलं असावं, एवढंच.

दिवाणीकडे वळा. शेजाऱ्याने बांध कोरला, वाट अडवली, भावाने वडिलोपार्जित जमीन परस्पर विकायला काढली. दावा दाखल होतो आणि त्याच दिवशी तात्पुरत्या मनाईचा अर्ज येतो. कोर्टात त्याला सगळे "निशाणी ५" म्हणतात. खरा दावा पुढे दहा वर्षं चालेल, पण माणसाचं जगणं निशाणी ५ वर ठरतं. सातबारा एक सांगतो, फेरफार दुसरंच सांगतो, मोजणीचा नकाशा तिसरं. भूमी अभिलेखचा नकाशा समोर ठेवून 'क' प्रत म्हणजे काय आणि हद्दीच्या खुणा कशा वाचायच्या हे कधी केलंच नसेल, तर आदेश शेवटी अंदाजाने होतो. एकतर्फी मनाई द्यायची की समोरच्याला नोटीस काढून ऐकायचं, हाही अंदाजच. पाऊस तोंडावर आला असेल आणि पेरणीचा प्रश्न असेल, तर पंधरा दिवसांची तारीख म्हणजे एका घराचा खरीप गेला.

कौटुंबिक हिंसाचाराचे अर्जही याच कोर्टात येतात. पत्नी अंतरिम पोटगी मागते, नवरा म्हणतो उत्पन्नच नाही. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ज्याने अशी दहा प्रतिज्ञापत्रं स्वतः टाइप केली आहेत, त्याला नेमकं माहीत असतं की माणसं पगार कुठे लपवतात, गाडी कुणाच्या नावावर ठेवतात, शेतीचं उत्पन्न कसं गायब होतं.

मुदतीच्या अर्जाचंही तसंच. वकील आजारी, साक्षीदार परगावी, कागद मिळाले नाहीत. यातलं खरं किती आणि खोटं किती, हे ज्याने सीनिअरच्या सांगण्यावरून असे अर्ज स्वतः दिलेत त्यालाच पटकन कळतं. आणि त्या अर्जावर "मंजूर" लिहिताना मागे बसलेला पक्षकार दिवसाची मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून आलाय, हेही त्याला आठवतं. निदान आठवायला हवं. कारण एक गोष्ट कबूल केली पाहिजे: कोर्टात चांगलंच शिकायला मिळतं असं नाही. तारखा पाडायची कलाही तिथेच शिकतात. तीन वर्षं वकिली केली म्हणून माणूस आपोआप शहाणा होत नाही. पण न केलेल्याला तर शहाणं व्हायला जागाच मिळत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंतची कैद सुनावू शकतो. तीन वर्षांचा अनुभव मागणं त्या मानाने फार नाही, असं माझं मत आहे.

हा नियम काही आकाशातून पडलेला नाही. १९९३ साली अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच तीन वर्षांची अट घातली होती. मग न्यायमूर्ती शेट्टी यांच्या अध्यक्षतेखालचा पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग आला. त्याचं म्हणणं पडलं की तीन वर्षांत हुशार मुलं दुसरीकडे निघून जातात, त्यापेक्षा ताजे पदवीधर घ्या आणि त्यांना नीट प्रशिक्षण द्या. २००२ मध्ये न्यायालयाने ते मानलं आणि अट काढली. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत काय दिसलं, हे उच्च न्यायालयांना विचारलं गेलं. बहुतेकांनी अट परत आणा असंच कळवलं. पुस्तकी ज्ञान आणि प्रशिक्षण हे प्रत्यक्ष कोर्टाच्या अनुभवाची जागा घेऊ शकत नाही, असं निकालात म्हटलंय. जाता जाता: २००२ च्या त्याच निकालात दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश करा, तेही पाच वर्षांत, असा आदेश होता. तो आजही पुरा झालेला नाही. उमेदवारांवरच्या अटी लगेच अमलात येतात, सरकारवरच्या राहून जातात.

आता पालकांनो, तुमच्याशी थोडं बोलतो.

वयाचं गणित मांडून बघा. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स केला तर मूल तेविसाव्या वर्षी बाहेर पडतं. पदवीनंतर तीन वर्षांचा केला तर चोविसाव्या. त्यात सनदेनंतरची तीन वर्षं धरा, म्हणजे सव्वीस-सत्तावीस. महाराष्ट्रात वकिलांसाठीची मर्यादा ३५ ची आहे, मागास प्रवर्गांना सवलत वेगळी. हातात आठ वर्षं उरतात. मग घाई कशाची? घाई आहे ती लोकांना सांगण्याची, आणि मुलीच्या बाबतीत लग्नाची. हे दुसरं कारण मला जास्त अस्वस्थ करतं. गेल्या काही वर्षांत खालच्या कोर्टांत मुली मोठ्या संख्येने आल्या, त्या गुणांवर आल्या. आता "पास होईपर्यंत थांबू" म्हणणारं घर "आधी तीन वर्षं वकिली, मग परीक्षा, मग लग्न?" असं म्हणायला लागेल आणि मुलीची सनद कपाटात जाईल. कृपा करून तसं करू नका. लग्न झालं तरी सनद चालू राहते, कोर्ट सासरच्या तालुक्यालाही असतं. आणि "वकिलीत मुलीला कोण विचारतंय" हे वाक्य तिच्यासमोर तरी बोलू नका.

आणखी एक. दोन-दोन वर्षांची क्लासची फी आगाऊ भरायची घाई करू नका. पूर्व परीक्षेचे शंभर गुण पाठांतरावर काही अंशी मिळतील. मुख्य परीक्षेच्या शंभर-शंभर गुणांच्या दोन पेपरांत निकालपत्र लिहायचं येतं, मुद्दे काढायचे येतात. ते ज्याने कोर्टात पाहिलेत त्याचा हात वेगळा चालतो. क्लास वाईट आहे असं नाही. तो संध्याकाळचा असावा.

आता मुलांनो, तुमच्या कामाच्या गोष्टी.

सनद आधी काढा. निकाल लागला, गुणपत्रिका हातात आली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करा. पूर्वी नोंदणीला हजारो रुपये मोजावे लागत. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं: वकील कायद्यात लिहिलेली फी, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, याहून जास्त घेता येत नाही. कोणी जास्तीचं काही मागितलं तर कशाचे, ते विचारा आणि पावती घ्या. तुमची तीन वर्षं मोजली जातात ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून. अखिल भारतीय बार परीक्षा कधी पास झालात त्यापासून नव्हे, कारण ती परीक्षा दरवेळी वेगळ्या तारखेला होते आणि त्यात उमेदवाराचा दोष नसतो. म्हणून नोंदणीला केलेला उशीर हा तुमचाच तोटा. बार परीक्षा मात्र मुदतीत पास व्हा, नाहीतर वकिली करायचा हक्कच अडतो.

काय मोजलं जात नाही, हे नीट लक्षात घ्या. बँकेत, कंपनीत लॉ ऑफिसर म्हणून पूर्णवेळ पगारी नोकरी घेतलीत, तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सनद स्थगित करावी लागते. ती वर्षं वकिलीची नव्हेत. सनद चालू ठेवून गुपचूप नोकरी करणारे आहेत. तो गैरवर्तनाचा विषय आहे, आणि न्यायाधीश व्हायला निघालेल्याने तिथून सुरुवात करू नये. उलट, एखाद्या न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून काम केलंत तर ते अनुभवात धरलं जातं, असं निकालात स्पष्ट म्हटलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी या पीठांजवळच्या आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचजवळच्या मुलांनी हा मार्ग डोळ्यांसमोर ठेवावा. पण त्याने तालुका कोर्टाची ओळख होत नाही. एक वर्ष तिकडे काढलंत तर दोन खाली काढा.

दाखला कसा लागतो? त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, ज्यावर त्या जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही आहे असा. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात वकिली केली असेल तर दहा वर्षांच्या वकिलाचा दाखला, त्यावर त्या न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याची सही. म्हणजे न्यायाधीशाने तुम्हाला ओळखलं पाहिजे. तीन वर्षांत एकदाही कोर्टात न दिसलेल्या माणसाच्या कागदावर सही मागणं म्हणजे त्या अधिकाऱ्यालाही संकटात टाकणं.

विकतचा दाखला मिळतो का? मिळत असेल. ओळखीने तर नक्कीच मिळेल, आपल्याकडे ओळखीने काय मिळत नाही. पण विचार करा: उद्या तुम्ही खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल दुसऱ्याला शिक्षा करणार, आणि तुमच्या नोकरीच्या फाइलमध्ये पहिलाच कागद खोटा. तो आयुष्यभर तिथेच राहतो. तुमच्यावर नाराज झालेला एखादा पक्षकार, एखादा सहकारी, माहिती अधिकाराचा एक अर्ज, आणि पंधरा वर्षांची नोकरी कागदासह जाते. खोट्या जातप्रमाणपत्रांची प्रकरणं आपण वाचतोच.

म्हणून पुरावा रोजच्या रोज जमवा. वकीलपत्रावर सीनिअरच्या नावाबरोबर तुमचंही नाव आणि सनद क्रमांक घाला, आणि ते कोर्टाच्या संगणकात चढलं का ते बघा. ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने खटले शोधता येतात. तिथे तुमचं नाव दिसलं पाहिजे. ज्या रोजनाम्यात तुमची हजेरी आहे त्याच्या नकला ठेवा. डायरी लिहा. कोर्ट, खटला नंबर, आज काय झालं, पुढची तारीख, एवढ्या चार गोष्टी पुरतात.

आणि कोर्टात काय करायचं? पहिले सहा महिने सीनिअर तुम्हाला तारखा घ्यायलाच पाठवतील. कंटाळू नका, पण त्यातच तीन वर्षं घालवूही नका. नकला विभागात अर्ज करा, नाझरकडे रक्कम भरा, बेलिफाबरोबर एकदा समन्स बजावायला जा. हुकूमनामा झाल्यावर दरखास्त किती वर्षं रखडते ते बघा, म्हणजे पुढे निकाल लिहिताना अंमलबजावणी होईल असा लिहाल. फौजदारी आणि दिवाणी दोन्हीकडे जा. नुसत्या धनादेश न वटल्याच्या, म्हणजे कलम १३८ च्या केसेस करून भागणार नाही. उलटतपास ऐका, रोज एक तरी. मोठ्या वकिलांचे भाषणवजा प्रश्न नव्हेत, तर एखादा जुना, साध्या कोटातला वकील चार प्रश्नांत पंच साक्षीदाराकडून खरं कसं काढतो ते. मिळेल तेव्हा एक साक्षीदार स्वतः तपासा. जमत नाही म्हणून घाम फुटेल, तो फुटू द्या.

मराठीही इथेच पक्की होते. आपल्या नियमांत मराठी लिहिता-वाचता-बोलता येणं आणि इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत भाषांतर करता येणं ही अट आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना फिर्यादीतली मराठी, "सदर इसमाने" वगैरे, पहिल्यांदा परकी वाटते. सहा महिने पोलीस पेपर वाचले की ती सवयीची होते. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयच वर असलं तरी भरतीचे नियम वेगळे आहेत. बेळगाव-निपाणीच्या मुलांनी कर्नाटकाचे नियम बघावेत. तीन वर्षांचा मुद्दा देशभर एकच, पण वय, भाषा, परीक्षा राज्याराज्यांची. कुठेही अर्ज करताना जाहिरात स्वतः वाचा. क्लासच्या ग्रुपवर आलेला सारांश हा जाहिरातीचा भाग नसतो.

पैशाचं काय, हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण सगळ्यात खरा तोच आहे. या नियमाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. बाप वकील असेल तर मुलाला ऑफिस, पुस्तकं, पक्षकार आयते. शेतमजुराची मुलगी जिल्ह्याच्या गावी खोली भाड्याने घेऊन राहिली आणि सीनिअर महिन्याला दोन-तीन हजार, तेही आठवण आल्यावर, देत असतील, तर तिने तीन वर्षं कशी काढायची? पूर्वी ती पंचविसाव्या वर्षी परीक्षा देऊन सरळ पगारावर जात होती. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानंतर या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ७७,८४० रुपये आहे. त्या पगाराच्या आणि तिच्या मध्ये आता तीन उपाशी वर्षं उभी केली आहेत. नियम मला बरोबर वाटतो, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा वकिलांच्या संघटनांनी आणि सरकारने पुरा करायचा आहे.

भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं: ज्युनिअरला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळे बार रूमच्या फलकावर लागली आणि तिथेच राहिली. सीनिअर वकील मित्रांनो, तालुक्याला १५ हजार सगळ्यांना झेपणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला द्या. ज्युनिअरला वकीलपत्रावर नाव द्या, एखादा छोटा खटला पूर्ण त्याच्या हाती सोपवा. आणि तीन वर्षांनी तो परीक्षेला जाणार म्हणून आधीच हात आखडता घेऊ नका. तुमच्याकडे शिकलेला माणूस पुढे खुर्चीवर बसला तर तुमच्या पक्षकारांचंच भलं आहे.

मुलांनो, तुमच्यासाठी एक व्यवहारी सूचना. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे २०२२ पासून लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. गरीब आरोपींचे खटले चालवणारे वकील तिथे मानधनावर नेमतात. त्यातलं सहायक लोकअभिरक्षकाचं पद शून्य ते तीन वर्षं अनुभवाच्या वकिलांसाठीच आहे. महिन्याला ठरलेले पैसे आणि रोज फौजदारी कोर्टात काम, हे तुमच्या वयाला दुसरीकडे मिळणार नाही. जागा थोड्या असतात, जाहिरातीवर लक्ष ठेवा. नेमणूक मिळाली तर हा काळ वकिलीत धरण्याबाबत लेखी खुलासा आधीच मागून घ्या.

दिव्यांग उमेदवारांची अडचण आणखी निराळी आहे. दृष्टी अधू असलेल्या मुलीला ज्युनिअर म्हणून घेणारा सीनिअर शोधणं हीच एक परीक्षा. याच सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी अंध उमेदवारांना न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही असा निकाल दिला आणि मध्य प्रदेशच्या नियमातली, तीन वर्षं वकिली नाहीतर पहिल्या प्रयत्नात ७० टक्के गुण, ही जादा अट दिव्यांगांपुरती काढून टाकली. अडीच महिन्यांनी सरसकट तीन वर्षांचा नियम आला. या दोन निकालांची सांगड दिव्यांगांच्या बाजूनेच घातली गेली पाहिजे, असं मला वाटतं. तोवर तुमच्या गावच्या बारने एवढं तरी करावं: असा एक उमेदवार आला तर त्याला दारातून परत पाठवू नये.

तिशी उलटलेल्या वकिलांनी निराश व्हायचं कारण नाही. राज्यघटनेच्या कलम २३३ नुसार सात वर्षं वकिली झालेल्यांना जिल्हा न्यायाधीशपदाची थेट परीक्षा देता येते. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यात भर घातली: आधी वकिली आणि मग न्यायिक सेवा असा मिळून सात वर्षांचा अनुभव असलेल्यांनाही, वयाची ३५ पूर्ण असतील तर, ही वाट मोकळी आहे. म्हणजे आज कनिष्ठ स्तरावर जाण्याआधी केलेली तीन वर्षांची वकिली पुढेही मोजली जाणार. ज्यांना ती वाया जाणारी वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

राहिले तुम्ही, ज्यांच्या घरात वकीलही नाही आणि जज्जही होणार नाही, पण एखादा दावा चालू आहे. पुढच्या तारखेला तुमच्या वकिलांच्या जागी त्यांची ज्युनिअर उभी राहिली, तर "मोठे साहेब कुठायत?" म्हणून नाक मुरडू नका. कोर्ट बसायच्या अर्धा तास आधी जा. तिला सातबारा दाखवा, बांध कुठून कुठे जातो ते कागदावर काढून सांगा, भावकीत कोण कोणाशी बोलत नाही तेही सांगा. तिने उलट प्रश्न विचारले तर चिडू नका, उत्तरं द्या.